चार संगणक, एक वीजवाट : श्पायरच्या डीए-४२ चं प्रकरण

४ मार्च २००७. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी श्पायर नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या छोट्या विमानतळावरून डायमंड कंपनीचं डीए-४२ ट्विन स्टार हे दोन इंजिनांचं विमान उडालं. जमीन सुटली, विमान वर चढू लागलं, आणि कुठल्याही उड्डाणात होतं त्याप्रमाणे चाकं आत घेण्यात आली. त्याच क्षणी दोन्ही इंजिनं बंद पडली. प्रोपेलरची पाती फेदर झाली, म्हणजे वाऱ्याला धार दाखवून उभी राहिली. एवढ्या कमी उंचीवर करण्यासारखं फारसं काही उरत नाही. विमान समोर मिळेल त्या जागी उतरवावं लागलं. विमानाचं नुकसान झालं, माणसं वाचली.

लहान विमानांच्या इंजिन-नियंत्रणाचा इतिहास शिकवायला एकच प्रकरण निवडायचं झालं तर मी हेच निवडेन. अपघात मोठा होता म्हणून नव्हे. दोन्ही इंजिनं धडधाकट असताना, टाकीत इंधन असताना, इंजिनांच्या एकाही संगणकात बिघाड नसताना विमान एकदम मुकं कसं होऊ शकतं, हे इथे एकेक कडी सुटी करून पाहता येतं. जर्मनीच्या अपघात-तपास संस्थेनं, ब्राउनश्वाइगच्या बीएफयूनं, या घटनेचा तपास केला आणि त्यानंतर वर्षभर युरोप-अमेरिकेतल्या वैमानिकांत यावर हमरीतुमरीनं वाद झाले.

विमान होतं तरी काय

डीए-४२ हे ऑस्ट्रियातल्या व्हीनर नॉयश्टाटचं विमान. डिसेंबर २००२ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, २००४ मध्ये त्याला युरोपात प्रमाणपत्र मिळालं. चार आसनं, कार्बन-काचतंतूंचा सांगाडा, लांब बारीक पंख, आणि पंखांवर दोन थीलर्ट सेंच्युरियन १.७ डिझेल इंजिनं, प्रत्येकी १३५ अश्वशक्तीची. या इंजिनाचं माहेर मर्सिडीज-बेंझचं. ए-क्लास मोटारीतल्या १.७ लिटरच्या डिझेल इंजिनावर हॅम्बुर्गच्या थीलर्ट कंपनीनं काम केलं, त्याला गिअरबॉक्स जोडला, विमानाचं प्रमाणपत्र मिळवलं. मोटारीचं इंजिन मिनिटाला जवळपास ३,९०० फेरे फिरतं. प्रोपेलरला एवढा वेग परवडत नाही, त्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागतात. म्हणून मधे गिअरबॉक्स घालून फेरे २,३०० वर आणलेले.

त्या काळी हे विमान दिसलं की लोक हातातलं काम सोडून बघायला येत, आणि त्यामागे कारण होतं. लहान विमानं तेव्हा, आणि बहुतांशी आजही, १९५०च्या दशकातल्या कल्पनांवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनांवर उडतात. त्यांना शिसं घातलेलं अ‍ॅव्हगॅस लागतं. ते महाग, आणि जगाच्या निम्म्या भागात मिळण्याची मारामार. आपल्याकडे तर सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं देशी अ‍ॅव्हगॅस आणेपर्यंत ते सगळं बाहेरून यायचं. सेंच्युरियन इंजिन प्रवासी जेट विमानांच्याच इंधनावर, जेट ए-१ वर, चालत होतं. ऑगस्ट २००४ मध्ये एक डीए-४२ न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून उडून मधे कुठेही न थांबता पोर्तुगालमधल्या पोर्तोला पोहोचलं. साडेबारा तास लागले. दोन्ही इंजिनांचा मिळून तासाला सरासरी ५.७४ गॅलन इंधनखर्च, म्हणजे साधारण पावणेबावीस लिटर. उत्तर अटलांटिक ओलांडायला सुमारे २७० लिटर! हा आकडा आजही थोडा अविश्वसनीय वाटतो. वेग मुद्दाम कमी ठेवला होता, हे खरं. पण मोजमाप मोजमाप आहे.

या काटकसरीत डिझेल चक्राचा वाटा मोठा, पण इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा वाटाही कमी नाही. जुन्या दोन इंजिनी विमानात वैमानिकापुढे सहा दांडे असतात: प्रत्येक इंजिनाला थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिश्रण, म्हणजे हवेत इंधन किती मिसळायचं ते. उंची बदलली की मिश्रण बदला, वेग बदलला की प्रोपेलर बदला, आणि क्रम चुकला तर इंजिनाला त्रास. घाईत माणूस मिश्रण थोडं जास्तच ठेवतो, कारण जास्त इंधनानं इंजिन जळत नाही, कमी इंधनानं जळू शकतं. म्हणजे सावधपणाची किंमत इंधनात मोजली जाते. डीए-४२ मध्ये प्रत्येक इंजिनाला एकच दांडा. वैमानिक सांगतो, मला इतके टक्के ताकद हवी. बाकी सगळं, म्हणजे किती इंधन, नेमकं कधी फवारायचं, टर्बोचा दाब किती, पात्यांचा कोन किती, हे फॅडेक, म्हणजे इंजिनाचा पूर्ण ताबा घेणारी संगणकव्यवस्था, ठरवतं आणि सेकंदाला अनेकदा पुन्हा ठरवतं. प्रत्येक इंजिनाच्या फॅडेकमध्ये दोन संगणक, ए आणि बी. ए गडबडला तर बी ताबा घेतो. दोन इंजिनं, चार संगणक.

इंजिनाला वीज कशाला हवी

शेतातला जुना ट्रॅक्टर एकदा सुरू झाला की त्याची बॅटरी काढून नेली तरी तो चालत राहतो. त्याचा इंधनपंप यांत्रिक असतो. इंजिन फिरतं, पंप फिरतो, डिझेल दाबानं आत जातं. विमानांच्या जुन्या पेट्रोल इंजिनांचंही तसंच. ठिणगीसाठी प्रत्येक इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात, ते स्वतःच्या चुंबकावर स्वतःची वीज तयार करतात. विमानाची सगळी वीज गेली, दिवे गेले, रेडिओ गेला, तरी इंजिन धडधडत राहतं. गेल्या शंभर वर्षांतल्या वैमानिकांच्या मनात हे इतकं मुरलेलं आहे की वीज जाणं आणि इंजिन जाणं ही दोन संकटं ते दोन वेगळ्या पानांवर शिकतात.

सेंच्युरियनमध्ये ही दोन पानं एकमेकांना चिकटली. त्याची इंधनव्यवस्था कॉमन रेल पद्धतीची. एका समाईक नळीत हजार बारच्या वरचा दाब साठवलेला असतो, आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारी तोटी, वीजेच्या इशाऱ्यानं उघडतो. इशारा संगणकाचा. संगणक गप्प झाला की इंजेक्टर उघडत नाही, आणि इंजेक्टर उघडला नाही की इंजिन नाही. मधली स्थिती नाही. काही क्षण अडखळत चालणं वगैरे प्रकार इथे संभवत नाहीत.

याचा अर्थ ही रचना वाईट असा मी काढणार नाही. जगभर रस्त्यावर धावणाऱ्या कोट्यवधी डिझेल मोटारी अशाच चालतात. पण मोटार बंद पडली की कडेला घेता येते, आणि मोटारीत चाकं आत ओढणारा पंप नसतो.

त्या दिवशीची साखळी

विमानाची मुख्य बॅटरी आधीच पुरती उतरलेली होती. हे काही दुर्मीळ नाही. विमान आठवडाभर उभं राहिलं, कोणी एखादा खटका चालू ठेवून गेलं, थंडी पडली, की सकाळी बॅटरी हात वर करते. अशा वेळी विमानतळावरचं बाहेरचं वीजयंत्र, जीपीयू, जोडून इंजिन सुरू करतात. त्या दिवशी तेच केलं गेलं. दोन्ही इंजिनं बाहेरच्या वीजेवर सुरू झाली. मग जीपीयू काढलं, विमान धावपट्टीकडे निघालं.

आता या विमानाच्या वीजजाळ्यात काय स्थिती होती ते पाहू. दोन इंजिनांवर दोन आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारी यंत्रं, फिरताहेत. दोघं मिळून विमानाला वीज पुरवताहेत, आणि रिकाम्या बॅटरीत भरही घालताहेत. पडद्यावर व्होल्टेज ठीक दिसतं. दिवे ठीक, रेडिओ ठीक, इंजिनांचे संगणक ठीक. डीए-४२ मध्ये उड्डाणाआधी ईसीयू टेस्ट (ईसीयू म्हणजे इंजिनाचा नियंत्रण-संगणक) नावाचं बटण दाबून धरतात. फॅडेक स्वतःच ए वरून बी वर, बी वरून ए वर उडी मारून पाहतं, प्रोपेलरचे फेरे वरखाली करून दाखवतं. नवख्या वैमानिकाला ही चाचणी पाहून फार दिलासा वाटतो. पण ही चाचणी संगणकांची ख्यालीखुशाली विचारते. त्यांना वीज कुठून येते आणि ती किती तग धरेल, हा प्रश्न तिच्या अभ्यासक्रमातच नाही.

मग उड्डाण, आणि चाकं आत घेण्याचा खटका. डीए-४२ ची चाकं हायड्रॉलिक दाबानं आत जातात आणि तो दाब एक विजेची मोटर तयार करते. थांबलेली मोटर सुरू होताना, पहिल्या काही क्षणांत, चालत्या मोटरपेक्षा कित्येक पट जास्त करंट ओढते. घरातला पाण्याचा पंप सुरू होताना दिवा क्षणभर मंदावतो तो याचमुळे. धडधाकट बॅटरी हा झटका पोटात घेते. बॅटरीचा अंतर्गत विरोध कमी असतो, ती क्षणार्धात शेकडो अँपिअर देऊ शकते. विमानातलं तिचं एक काम इंजिन सुरू करणं हे असलं, तरी दुसरं काम असे धक्के जिरवणं हे आहे. उतरलेली बॅटरी हे दुसरं काम करू शकत नाही. उलट ती स्वतःच करंट मागत असते.

उरले आल्टरनेटर. आल्टरनेटरला ताकद वाढवायची तर त्याच्या फिरत्या गुंडाळीतला करंट वाढवावा लागतो. रेग्युलेटर व्होल्टेज पडलेलं पाहतो, गुंडाळीतला करंट वाढवतो, मग चुंबकत्व वाढतं, मग वीज वाढते. गुंडाळीच्या स्वभावामुळे या सगळ्याला सेकंदाचा काही अंश लागतो. त्यात आणखी एक मेख: हा गुंडाळीतला करंटही साधारणपणे त्याच वीजवाहिनीवरून येतो जी आत्ता खचते आहे. म्हणजे ज्या क्षणी आल्टरनेटरनं जोर लावायला हवा, त्याच क्षणी त्याच्या पायाखालची जमीन सरकते. एक आल्टरनेटर असो की दोन, दोघांनाही हाच अडथळा, कारण दोघंही एकमेकांना जोडलेले.

व्होल्टेज खाली गेलं ते अगदी थोड्या वेळासाठी. माणसाच्या डोळ्याला कदाचित पडदा लुकलुकल्यासारखा दिसेल इतकाच. पण संगणकाला वेळेचं माप वेगळं असतं. किमान व्होल्टेजच्या खाली गेलेला प्रोसेसर स्वतःला रिसेट करतो, आणि करायलाच हवा. अर्धवट वीजेवर चुकीचे आकडे मोजत बसलेला संगणक इंजिनाच्या दृष्टीनं त्याहून घातक. चारही संगणक एकाच डबक्यातलं पाणी पीत होते, म्हणून चारही एकदम रिसेट झाले. इंजेक्टर मिटले. इंजिनं थांबली.

आणि मग प्रोपेलर. दोन इंजिनी विमानात प्रोपेलरची रचना अशी असते की तेलाचा नियंत्रणदाब गेला की पाती आपोआप फेदरकडे वळतात. हेतू उत्तम आहे. एक इंजिन मेलं तर त्याची आडवी पाती वाऱ्याला अडवत बसू नयेत, दुसऱ्या इंजिनाला विमान ओढणं सोपं जावं. इथे दुसरं इंजिनच नव्हतं. फेदर झालेली पाती वाऱ्यानं फिरत नाहीत, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर इंजिन पुन्हा फिरवायची वाट बंद. स्टार्टरनं फिरवावं तर बॅटरी उतरलेली. संगणक काही वेळात जागे झाले असते. त्यांना जागं होऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका संकटासाठी केलेली सोय दुसऱ्या संकटात पायात अडकली. हा तपशील बरेच जण वाचताना ओलांडून जातात. मला तो बॅटरीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पुस्तिकेतली ओळ

अपघातानंतर पहिला खुलासा आला तो असा, की वैमानिकानं उड्डाणपुस्तिका पाळली नाही. पुस्तिकेत बाहेरच्या वीजेवर इंजिन सुरू करण्याची पद्धत दिलेली होती: पहिलं इंजिन जीपीयूवर सुरू करा, जीपीयू काढा, आणि दुसरं इंजिन विमानाच्या स्वतःच्या वीजेवर सुरू करा. दुसरं इंजिन तसं सुरू करायला घेतलं असतं तर बॅटरीची अवस्था जमिनीवरच कळली असती. स्टार्टर फिरलाच नसता, किंवा कण्हत फिरला असता, आणि उड्डाण रद्द झालं असतं.

मुद्दा बरोबर आहे. पण तो पुरेसा आहे का? त्या ओळीकडे नीट पाहिलं तर ती केवळ इंजिन सुरू करायची कृती दिसते. खरं तर ती बॅटरीची परीक्षा होती, आणि त्या परीक्षेवर दोन्ही इंजिनांचं आयुष्य टांगलेलं होतं. पुस्तिका हे सांगत नव्हती. जुन्या विमानांवर वाढलेल्या वैमानिकाला जीपीयू जोडलेलंच आहे तर दुसरंही इंजिन त्यावरच सुरू करावं, बॅटरीला कशाला ताण, असं वाटणं अगदी स्वाभाविक. त्याच्या आधीच्या सगळ्या अनुभवानुसार तो बॅटरीची काळजीच घेत होता. उतरलेल्या बॅटरीनिशी उडालात तर रात्री दिव्यांचा प्रश्न येईल, रेडिओचा येईल. इंजिन जाईल हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

माझं मत इथे स्पष्ट आहे. रचनेतली उणीव कागदावरच्या एका ओळीनं भरून काढायची असेल, तर त्या ओळीच्या शेजारी कारण लिहिलेलं हवं. कारण नसलेली सूचना लोक सोयीनुसार वाकवतात, आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून वाकवायची सवय लागते. वैमानिकाची चूक होती असं म्हणून फाइल मिटवली असती तर पुढच्या थंडीत दुसऱ्या कुठल्या तरी विमानतळावर हेच झालं असतं. सुदैवानं फाइल मिटवली गेली नाही.

दोन प्रमाणपत्रांच्या मधली फट

दोन इंजिनं का बसवतात? एक बंद पडलं तर दुसरं घरी आणेल म्हणून. उदाहरणादाखल धरू, की एक इंजिन दहा हजार तासांत एकदा बंद पडतं. मग दोन्ही एकाच तासात आपापल्या कारणानं बंद पडण्याची शक्यता दहा कोटींत एक. हा गुणाकार फार मोहक आहे, पण त्यात एक अट लपलेली आहे: दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. वाड्यात चार नळ आहेत म्हणून पाण्याची चिंता नाही असं म्हणावं आणि चारही नळ एकाच टाकीवर असावेत, तशी डीए-४२ ची स्थिती होती. संगणक मोजताना चार मोजले गेले. त्यांच्यापर्यंत जाणारी वीज मोजली असती तर, वाईट दिवशी, उत्तर एक आलं असतं. आणि त्या एकाचं दार चाकांच्या पंपासाठीही उघडं होतं.

मग हे प्रमाणपत्र देताना कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीत दडलेलं आहे. विमानविश्वात इंजिनाला वेगळं प्रमाणपत्र मिळतं आणि विमानाला वेगळं. इंजिनवाला आपल्या कागदांत लिहितो: माझ्या संगणकाला अमुक व्होल्टेज अखंड हवं. हे त्याच्या दृष्टीनं गृहीत. विमानवाला ती अट वाचतो आणि आपलं वीजजाळं तपासतो: दोन आल्टरनेटर आहेत, एक बॅटरी आहे, एखादा आल्टरनेटर गेला तरी चालतं, बॅटरी गेली तरी आल्टरनेटर आहेत. एकेक बिघाड घेऊन पाहिलं तर सगळं उत्तीर्ण. बॅटरी जागेवर आहे पण रिकामी आहे, आणि त्याच वेळी विमानातला सगळ्यात खादाड पंप सुरू होतो, हे दोन प्रसंग एकत्र ठेवून पाहायची पाळी आली नाही. त्यातही रिकामी बॅटरी हा बिघाड मानायचा की निष्काळजीपणा, हा प्रश्न आहेच. बिघाड मानला तर रचनाकारानं सोसायचा; निष्काळजीपणा मानला तर वैमानिकानं. मधल्या फटीत तो कोणाचाच राहिला नाही.

जुन्या मॅग्नेटोच्या विमानात ही फट असली तरी तिच्यातून कोणी पडत नव्हतं. इंजिन आणि विमानाची वीज यांचा संबंधच नव्हता. फॅडेक आलं आणि ज्या अटी पूर्वी सोयीच्या होत्या त्या प्राणाच्या झाल्या. अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेनं, एफएएनं, इंजिन-नियंत्रणाचे आपले नियम २००८ मध्ये सुधारले. वीजपुरवठा खंडित झाला तर इंजिनानं काय करू नये, हे त्यात आता नेमकेपणानं मांडलेलं आहे. त्या सुधारणेचं काम अपघाताआधीपासूनच सुरू होतं, त्यामुळे श्पायरचं थेट अपत्य म्हणून तिच्याकडे पाहता येणार नाही. पण श्पायरनंतर त्या कलमांकडे कोणी कोरडे कायदेशीर शब्द म्हणून पाहिलं नसणार.

मग काय बदललं

आधी नियामकांचे आदेश आणि पुस्तिकेतले बदल आले: उतरलेल्या बॅटरीनिशी उडायचं नाही. त्यानंतर डायमंडनं रचनेतच बदल केला. दोन्ही इंजिनांच्या संगणकांना स्वतःच्या, वेगळ्या राखीव बॅटऱ्या दिल्या. मुख्य जाळ्यात व्होल्टेज खचलं तरी संगणकाला आपल्या शेजारच्या छोट्या बॅटरीतून वीज मिळते, आणि चाकांच्या पंपाला त्या बॅटरीत हात घालता येत नाही. वजन वाढलं, देखभालीच्या यादीत नवे घटक आले. पण उपाय योग्य जागी आहे. पाचवा संगणक कोणी लावला नाही. वीजेची वाट वेगळी केली.

याच प्रश्नाची दुसरी उत्तरंही त्या काळात हवेत होती, आणि ती शेजारी ठेवली की प्रकरण जास्त उलगडतं. मोठ्या जेट विमानांच्या इंजिनात फॅडेकसाठी इंजिनाच्या गिअरबॉक्सवरच वेगळा कायम-चुंबकाचा जनित्र असतो. इंजिन पुरेशा वेगानं फिरतंय तोवर त्याच्या संगणकाला वीज आहेच, विमानात काहीही होवो. म्हणजे तिथे मॅग्नेटोचंच तत्त्व नव्या अवतारात टिकवून ठेवलंय. फ्रान्सच्या एसएमए कंपनीनं आपल्या एसआर-३०५ या २३० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात यांत्रिक इंधनपंपच ठेवला. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण गेलं तर वैमानिक यांत्रिक पद्धतीनं इंजिन चालवत राहू शकतो. काटकसर थोडी हुकते, झोप शांत लागते. आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रियाच्याच रोटॅक्सनं १०० अश्वशक्तीचं ९१२ आयएस आणलं तेव्हा इंजिनाच्या आत दोन जनित्रं बसवली. साधारण स्थितीत एक इंजिनाच्या संगणकासाठी, दुसरं विमानाच्या बाकी गरजांसाठी. पहिलं गेलं तर दुसरं इंजिनाकडे वळतं आणि विमानानं आपल्या बॅटरीवर भागवायचं. अग्रक्रम लोखंडात आणि तारांत लिहिलेला आहे: आधी इंजिन, मग बाकीचे. मला या सगळ्यांत हे उत्तर सर्वांत देखणं वाटतं, कारण त्यात कोणाला काही लक्षात ठेवायला लागत नाही.

थीलर्टची पुढची गोष्ट या प्रकरणाशी थेट जोडलेली नाही, पण वगळूनही चालणार नाही. एप्रिल २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इंधनात वाचलेले पैसे गिअरबॉक्स आणि क्लचच्या ठरावीक तासांच्या तपासण्यांत आणि बदलात जात होतेच. आता हमीही गेली आणि सुट्या भागांचे भाव चढले. जगभर डीए-४२ विमानं हँगरमध्ये अडकून पडली. डायमंडनं ऑस्ट्रो इंजिन ही स्वतःची इंजिन कंपनी आधीच उभी करायला घेतली होती. मर्सिडीजच्याच दोन लिटर डिझेलवर आधारलेलं १६८ अश्वशक्तीचं एई-३०० इंजिन २००९ मध्ये प्रमाणित झालं आणि डीए-४२ एनजी त्यावर उडू लागलं. थीलर्टचा इंजिनव्यवसाय पुढे चिनी मालकीच्या एव्हिक समूहाकडे गेला. कॉन्टिनेंटलच्या नावानं त्या घराण्यातली इंजिनं अजून बनतात.

हे सगळं युरोपातलं असलं तरी आपल्यापासून लांब नाही. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये, तसंच फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत, दोन इंजिनांचं प्रशिक्षण डीए-४२ वर होत आलं आहे. विदर्भातला, सोलापुरातला, नाशकातला मुलगा किंवा मुलगी आयुष्यात पहिल्यांदा दोन इंजिनांचं विमान हाताळते ते बहुधा एकेका दांड्यावर, फॅडेकच्या भरवशावर. त्यांनी मॅग्नेटो वापरलेला असतो तो एक इंजिनाच्या जुन्या विमानात, आणि बॅटरीविषयीची त्यांची समज तिथली. ईसीयू टेस्टचे दिवे लुकलुकले, फेरे वरखाली झाले, यादीवर खूण झाली की झालं, असं वाटायला वेळ लागत नाही. माझ्या हातात असतं तर या वर्गात पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदावर डीए-४२ चं वीजजाळं काढायला लावलं असतं: इंजेक्टरपासून सुरुवात करून उलट्या दिशेनं, बॅटरीपर्यंत. जिथे दोन्ही इंजिनांच्या रेघा एकत्र येतात तिथे लाल ठिपका.

हँगरमधल्या लोकांसाठी मुद्दा थोडा वेगळा आहे. राखीव बॅटरी ही अशी वस्तू, की ती वर्षानुवर्षं वापरात येत नाही आणि म्हणून ती मेलेली आहे हे कळायचा दिवस नेमका नको तो असू शकतो. पडद्यावर दिसणारं व्होल्टेज तिची क्षमता सांगत नाही. भार टाकून पाहिल्याशिवाय ती कळत नाही. शिशाची जुनी बॅटरी भार नसताना अगदी तरुण आकडा दाखवते. त्यामुळे ठरलेल्या मुदतीत बदल आणि क्षमतेची चाचणी या दोन नोंदी लॉगबुकात आहेत का, हे पाहणं भाग आहे.

आणि सुधारित विमानातही मुख्य बॅटरी उतरलेली असेल तर उड्डाण नाहीच. राखीव बॅटऱ्या आहेत म्हणून जीपीयू लावून दोन्ही इंजिनं सुरू करायची आणि निघायचं, असा हिशेब काही जण करतात. तो केला की मुख्य बॅटरीची जागा राखीव बॅटरी घेते आणि राखीव असं काही उरतच नाही. बॅटरी विमानातून काढा, बाकावर नेऊन भरा, क्षमता तपासा, परत बसवा. सकाळची पाळी चुकते, विद्यार्थ्याचे तास मागे पडतात, वेळापत्रक सांभाळणारा वैतागतो.